बहिऱ्या कानाची बाजू

काम साधं होतं. सकाळची मिस्सेची प्रार्थना संपल्यावर नव्या फादरनी मला हाक मारली आणि म्हणाले, "मावशी, आज दुपारी सुतार कबुलीची पेटी उतरवणार. जेवणाच्या सुट्टीत तेवढी आतून रिकामी करून पुसून ठेवाल? आत काय काय निघेल देव जाणे."

"देवच जाणे फादर," मी म्हटलं. "तिथलं बाहेर यायचं नाही म्हणून तर ती पेटी."

ते हसले. माणूस वाईट नाही, फक्त हसतो मोबाइलकडे बघत.

बावीस वर्षं मी हे चर्च झाडते. या एका वर्षात जेवढं बदललं तेवढं आधीच्या एकवीस वर्षांत बदललं नव्हतं. मेणबत्त्या गेल्या, बटण दाबलं की पेटणारे दिवे आले. गाण्याची पुस्तकं गेली, भिंतीवर पडदा आला. मागचे सहा बाक कुणी बसत नाही म्हणून काढून टाकले. आणि दाराशी एक काचेची खोली झाली. आत दोन खुर्च्या, समोरासमोर. आता म्हणे लोकांनी फादरच्या तोंडाकडे बघून पापं सांगायची. मी स्पष्ट बोलले, "फादर, पाप काय मिठाई आहे काचेत मांडायला?" तर म्हणाले, "मावशी, लोकांना अंधाराची भीती वाटते हो."

अंधाराची नाही वाटत लोकांना. वाटते ती उजेडाची. पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण ऐकतं.

ती पेटी म्हणजे काळ्या लाकडाचं कपाटच. मध्ये फादरची बसायची जागा, तिला अर्धं दार. दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला गादी लावलेली फळी, आणि मध्ये लाकडी जाळी. जाळीवर सरकती झडप. ती झडप फादरच्याच बाजूने उघडते, बाहेरून नाही.

जुने फादर त्या पेटीत तीस वर्षं बसले. म्हातारपणी त्यांचा डावा कान गेला. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, आणि सगळ्यांना ठाऊक होती. मग काय, शनिवारी रांगा बघाव्यात! उजव्या बाजूला मुलं, म्हाताऱ्या, खोटं बोललेले, प्रार्थना चुकवलेले. डाव्या बाजूला मोठी रांग. चांगले इस्त्रीच्या कपड्यातले लोक. फादर तिकडे मान हलवायचे, हात वर करून माफी द्यायचे, लोक हलके होऊन घरी जायचे. आम्ही तिला बहिरी बाजू म्हणायचो. फादरकडे पोळीभाजी करणारी बाई तर म्हणायची, "नवरा कुठल्या रांगेत उभा राहतो ते बघून मी त्याचे खिसे तपासते."

माझी ताई नेहमी बहिऱ्या बाजूला.

मला त्याचं हसू यायचं. तिचं कसलं पाप? लग्न नाही, पोर नाही. लहानपणापासून उजवा गुडघा आखडलेला, काठी टेकत, पाय ओढत चालायची. दातदुखी होती म्हणून सदा तोंडात लवंग. माझ्या नवऱ्यामागे आम्ही दोघीच एका खोलीत राहिलो. मी तिला म्हणायचे, "ताई, तू काय दरोडा घातलास का गं?" तर म्हणायची, "गप मिरचे, तुझी तू पापं मोज."

मिरची हे माझं नाव. तिनेच ठेवलेलं.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. दुपारी तीन वाजता तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "फादरना बोलाव. मला उजव्या बाजूने बोलायचंय."

मला वाटलं, तापात बरळते आहे. आणि खरं सांगू? फादर मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊन घरात आले की माणूस आशा सोडतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, "फादर कशाला? मी आहे ना. काय सांगायचं ते मला सांग."

"तुलाच तर नाही सांगता येत," म्हणाली.

दोनदा, तीनदा मागितलं तिने. मी दर वेळी म्हटलं, मी आहे ना. दिवेलागणीला ती गेली. चर्च आमच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कबुलीतही नाही. वर्षभरापूर्वी जुने फादरही गेले.

तर त्या दिवशी दुपारी कामगार जेवायला गेले आणि मी बादली, फडकं घेऊन पेटीशी गेले. खिडक्यांना धुळीसाठी प्लास्टिक लावलेलं, त्यामुळे आत उजेड असा मळकट, ताकाच्या निवळीसारखा. ड्रिल बंद पडल्यावर चर्च इतकं गप्प झालं की बादलीतलं पाणी हलल्याचाही आवाज येत होता.

आधी बहिऱ्या बाजूची फळी पुसली. तिच्यावरची गादी मीच नवी करून घेतली होती, जुने फादर गेले त्याच महिन्यात. त्यानंतर तिथे कुणी गुडघा टेकला नव्हता. गादी टम्म फुगलेली, रेक्झिन चकाकतंय. नंतर मी मधल्या जागेत शिरले. फादरच्या बैठकीखालून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट निघालं, चष्म्याची एक काडी निघाली, एक घडी घातलेला रुमाल. कंबर भरून आली म्हणून मी बैठकीवर टेकले.

तिथे बसायचं नसतं. बावीस वर्षं मी उभ्यानेच ती जागा पुसली होती. पण म्हटलं, तासाभरात तर ही सरपण होणार.

बसले आणि अर्धं दार आपल्या वजनाने मिटलं.

आत अंधार. मेणाचा, जुन्या घामाचा, ओल्या लाकडाचा वास. जरा डोळे मिटले असतील नसतील, तोच दाराकडून आवाज आला.

टक्.

मग काहीतरी फरशीवर ओढल्यासारखं.

टक्… मग ओढल्यासारखं.

मला वाटलं कामगार फळी ओढत आणतोय. पण कामगार शिव्या दिल्याशिवाय काही ओढत नाहीत. आवाज सावकाश जवळ आला, पेटीला वळसा घालून बहिऱ्या बाजूला गेला आणि थांबला. मग फळी कुरकुरली.

दोन गुडघे टेकले की ती फळी दोनदा कुरकुरते. बावीस वर्षं ऐकलंय मी. ही एकदाच कुरकुरली.

आणि जाळीतून लवंगेचा वास आला.

माझा हात झडपेकडे कसा गेला ते मला सांगता येणार नाही. मी ती सरकवली. खर्र… जाळीपलीकडे काळोखच होता, पण काळोखात एक जास्त काळोख.

"फादर, आशीर्वाद द्या… मी पाप केलंय."

आवाज अगदी बारीक, जाळीला ओठ लावून बोलल्यासारखा. मी म्हणायला हवं होतं, अहो, मी फादर नाही. भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी मी, मीच जाळीकडे सरकले.

"मागच्या कबुलीला किती दिवस झाले… मोजता येत नाहीत. हे पाप मी तुम्हाला तीनदा सांगितलं, फादर. तिन्ही वेळा याच बाजूने. तुम्ही तिन्ही वेळा माफ केलंत…"

ती थांबली. श्वास ऐकू येईल म्हणून मी कान दिला. श्वास नव्हता.

"…पण तुम्ही ऐकलं नव्हतंत. न ऐकलेलं माफ होतं का, फादर?"

बाहेर अंगणात नवे फादर वायरमनशी बोलत होते. त्यांचा आवाज मला स्पष्ट येत होता, पंखे किती, दिवे किती. वीस पावलांवर खरा फादर होता. दार ढकलून एक हाक मारायची, बस.

मी हाक मारली नाही. मला ऐकायचं होतं.

"धाकटी चौथीत होती," आवाज म्हणाला. "शाळेतल्या मोठ्या बाईंनी आईसाठी चिठ्ठी दिली माझ्याजवळ. पोरगी हुशार आहे, हिला पुढे शिकवा, बाहेरगावी ठेवू, राहण्याजेवणाचं शाळा बघेल… मी चिठ्ठी चुलीत घातली. ती गेली असती तर या पायाने मी एकटी… पाणी, भांडी… आणि ती परत आली नसती. आईला सांगितलं, बाई म्हणाल्या ही ढ आहे."

बादलीतलं पाणी हलायचं थांबलं होतं.

"मिरचीला ठाऊक नाही, फादर. तिला अजून वाटतं ती ढ आहे."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं मी लोकांच्या फरशा पुसत आले. कुणी इंग्रजी कागद पुढे केला की चष्मा घरी राहिला म्हणत आले. आईने मरेपर्यंत मला ढ म्हटलं आणि ही लवंग चघळत शेजारी बसून ऐकायची. मी तिला न्हाऊ घातलं, तिचं हगणंमुतणं काढलं, तिच्या दुखऱ्या गुडघ्याला तेल लावलं.

"फादर…" जाळीला काहीतरी लागलं. बोटं असावीत. "माफी?"

मी हाताची मूठ वळली. फादर माफी देताना हात वर करतात, तो हात मला वर करायचा नव्हता. फादरना हाकही मारायची नव्हती.

मी झडप लावली. खर्र… खट्.

पलीकडे काहीच वाजलं नाही. काठी नाही, पाय नाही. उठून कुणी गेलं असतं तर फळी कुरकुरली असती.

किती वेळ बसले ठाऊक नाही. दार ढकलून बाहेर आले, वळसा घालून बघितलं. कुणी नव्हतं. नव्या गादीवर डाव्या बाजूला एक खळगा पडला होता. एकच. त्यावर तळहात ठेवला, तर उबदार.

तेवढ्यात फादर आणि सुतार आले. माझं तोंड बघून फादरनी मोबाइल खिशात घातला. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना मोबाइल खिशात घालताना बघितलं.

"मावशी, काय झालं?"

"एक कबुली अर्धी राहिलीय. तुम्ही आत बसा."

"कुणाची?"

"माझ्या ताईची."

सुतार मागे सरकला. फादर हसले नाहीत. गळ्यात कबुलीची जांभळी पट्टी घातली, आत बसले, बहिऱ्या बाजूची झडप उघडली आणि दहा मिनिटं बसून राहिले. मी बाहेर उभी. फळी कुरकुरली नाही, वास आला नाही. शेवटी ते बाहेर आले.

"कुणी आलं नाही, मावशी."

"येणारही नाही. एकदा झडप लावली ना तोंडावर."

"कुणी लावली?"

मी बादली उचलली. ते म्हणाले, "गेलेल्यांचं देव बघतो. त्यांना आणखी काही हवं असेल, तर ते आपल्याकडून हवं असेल."

मग सुताराने पेटी उतरवली. खिळे असे किंचाळत निघाले की मी कान झाकले. बहिऱ्या बाजूची फळी मात्र मी मागून घेतली. सुतार म्हणाला, "मावशी, वाळवी आहे हिला." मी म्हटलं, "मलाही आहे. आण इकडे."

ती फळी आता माझ्या खोलीत आहे. ताईची खाट होती त्या जागी, भिंतीला लावून, वर क्रूस. रोज दिवेलागणीला मी तिच्यासमोर उभी राहते आणि मोठ्याने म्हणते, "ताई, माफ केलं." रोज खळगा तसाच. गादी उलटून बघितली, उन्हात टाकली, वर धान्याचा डबा ठेवला. सकाळी डबा बाजूला सरकवलेला, खळगा तिथेच, कोमट.

बरोबरच आहे. मी दात खाऊन म्हणते. तोंडाने म्हटलेलं आणि बहिऱ्या कानात सांगितलेलं, दोन्ही सारखंच.

गेल्या शनिवारी मात्र मला वाटलं, माफ करायला मी कोण? माझं स्वतःचंच अजून सांगायचं राहिलंय. फादरकडे, त्या काचेत, ते माझ्याच्याने होत नव्हतं. म्हणून मी त्या फळीवर टेकले. डावा गुडघा खळग्यात बरोबर बसला, मापाने शिवल्यासारखा. समोर भिंत. चुन्याची, साधी भिंत, पलीकडे जिन्याखालची भरलेली माती.

"मी तुला फादर आणू दिले नाहीत," मी म्हटलं. "तीनदा मागितलंस तू. आणि त्या दिवशी पेटीत…"

पुढचं बोलवेना.

तेव्हा लवंगेचा वास आला. मागून नाही, माझ्या गुडघ्याखालून नाही. समोरून. आणि माझ्या तोंडासमोर, भिंतीत, लाकडावर लाकूड सरकलं.

खर्र…

मी थांबले. पुढचा आवाज यायची वाट बघत राहिले. गुडघा बधिर झाला, दिवा विझला, बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली.

आज सात दिवस झाले. झडप लागल्याचं खट् अजून ऐकू आलेलं नाही.