दीपमाला कोणासाठी रडत होती

मे महिन्यातली दुपार. कुरड्यांचा डबा मांडीवर घेऊन मी चांदूर रेल्वेहून अकोल्याच्या पॅसेंजरमध्ये बसले. डबा भावजयीला, दीपमालाला द्यायचा होता. माझा धाकटा भाऊ श्रावण जाऊन दीड वर्ष झालं होतं.

खरं सांगते, तिच्या घरी जायला मन घेत नव्हतं. आधी ती स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायची. पाटोडी, भरीत, रोडगे. निगुतीनं करायची, पण बघणारे चाळीस-पन्नास. श्रावण गेल्यावर महिन्याभरानं पाटोडी थापता थापता तिला रडू कोसळलं. तो व्हिडिओ सहा लाख लोकांनी पाहिला. पुढच्या आठवड्यात तिनं भरीत दाखवलं, तर पुन्हा पन्नासच. काय शिकायचं ते ती शिकली. रोज श्रावणच्या फोटोसमोर बसून रडू लागली. माझी आई वारली तेव्हा तर तिनं तिरडीच्या पायथ्याशी मोबाइल उभा केला.

मी बोलले नाही. पण तो व्हिडिओ मीही शेवटपर्यंत पाहिला. तेव्हापासून माझ्या मोबाइलवर रडणाऱ्या बायाच येतात.

मूर्तिजापूर मागं पडलं आणि तिचा नवा व्हिडिओ समोर आला. ऊर बडवून रडत होती. मागं हार घातलेला फोटो, पुढं मेणबत्ती. फोटो तिच्या पोराचा होता... धम्मदीपचा.

वीस वर्षांचा पोर, अमरावतीला कॉलेजात. त्याला फोन लावला तर बंद. दीपमालाला लावला, तिनं उचलला नाही.

अकोल्याला उतरून मी तिच्या घराचा जिना धावतच चढले. दार तिनंच उघडलं. डोळे कोरडे. आत खिडक्या लावलेल्या, कूलर बंद, मेणाचा अन् शिळ्या भाताचा वास.

"धम्मा...?" मी विचारलं.

"त्याले काय झालं? सकाळीच तर बोलला."

मी मोबाइल पुढं धरला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी नाही केला हा, ताई. दोन दिवसांपासून मले रडूच येऊन नाही राहिलं..."

"मंग ही कोण हाय?"

पुन्हा पुन्हा पोराला फोन लावत आम्ही दोघी जमिनीवर बसलो. तास गेला असेल. मग ती हळूच म्हणाली, "ताई... किती लोकायनं पाह्यला?"

तिच्या थोबाडीत मारावी असं वाटलं मला. पण माझंही लक्ष त्या आकड्याकडेच होतं. अकरा लाख.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात धम्मदीप उभा होता, घामानं निथळत. दीपमालानं त्याला कवटाळलं. तो मात्र तिच्या खांद्यावरून माझ्याकडेच बघत होता.

"आत्या... तू?"

"काहून रे? फोन काहून बंद तुया?"

"बॅटरी गेली बसमध्ये." तो दाराला टेकून खाली बसला. "आईचा व्हिडिओ पाह्यला दुपारी. फोटो तुया होता, आत्या. हार घातलेला..."

त्यानं माझा मोबाइल घेतला आणि व्हिडिओखालची लोकांची वाक्यं दबक्या आवाजात वाचू लागला. ती आम्ही वाचलीच नव्हती. 'केशवराव, असं अचानक कसं.' 'सीमाताईले श्रद्धांजली.' 'पप्पा, मला माफ करा.' हजारो होती. त्यांतलं एकही नाव आमच्या घरातलं नव्हतं.

दीपमाला कधी उठली कळलं नाही. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, ती स्वतःच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ बघत होती.

"आई," धम्मदीपनं विचारलं, "तुले कोणाचा फोटो दिसते?"

तिनं पदरानं मोबाइलचा पडदा पुसला.

"कोणाचाच नाही रे..." ती पुटपुटली. "चौकट रिकामी हाय. हार तेवढा ताजा हाय."