झोर्कामावशीच्या भिंतीतलं खणणं

"हे एकालाही पटायचं नाही. पटलं, तर मिशी उतरवीन!" म्हाताऱ्या स्टाव्रोसनं खाणकामगारांच्या क्लबात गोष्ट काढली, ती अशी.

नर्स लोर्ना दुपारी तीनच्या जरा आधी झोर्कामावशीकडे पोचली. ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी या आमच्या खाणगावातल्या निम्म्या लोकांसारखी मावशीही टेकडी पोखरून केलेल्या घरात एकटी राहायची. बाहेर शेहेचाळीस अंश, आत माठासारखा गारवा. लोर्नाच्या पिशवीत मावशीच्या भाच्यानं धाडलेला कागद होता: मावशी एकटी राहायच्या लायक नाही, ॲडलेडच्या वृद्धाश्रमात न्या. लोर्नाची सही तेवढी बाकी.

मावशी कोट उलटा घालायची. रस्त्यात कुणी खोकलं, की तो आपल्यालाच इशारा, असं धरून चालायची. भरवसा कुणावरच नाही. मोठ्या डॉक्टरांनी याला 'स्किझोटायपल' असं नाव दिलं होतं. लोर्नाला कळलं होतं ते एवढंच, की हे वेड नव्हे. आपल्याला दोन सुटे धागे दिसतात, तिथं हिला गाठ दिसते.

"सही करायला आलीस ना, पोरी?"

"बघायला आलेय, मावशी. जेवलात का?"

"जेवण राहू दे. तीन वाजले. ऐक, खणतोय."

मागच्या भिंतीत कुदळ चालली होती. लोर्नानं कान लावला. गार दगड गालाशी थरथरत होता.

"शेजारी असेल. पलीकडे कुणाचं घर?"

"चल, दाखवते."

दोघी टेकडीला वळसा घालून मागं गेल्या. तिथं घर नव्हतंच. नुसता उघडा उतार, ऊन आणि माश्या. लोर्नानं तापल्या दगडाला कान टेकला. खणणं आता आतून येत होतं.

आत तर कुणीच नव्हतं.

इथली रीत आहे: शेजारी खणत फार जवळ आला, की तीन ठोके द्यायचे. तो थांबतो. लोर्नानं दगड उचलून तीन ठोके दिले.

थांबलं.

मग आतून तीन ठोके आले.

"आता पळ," मावशी हळूच म्हणाली. "तुझा हात ओळखला त्यानं."

"लोर्नानं कागद तिथंच फाडला," स्टाव्रोसनं पेला उचलला. "मावशी अजून त्याच घरात आहे, मजेत—"

"खोटं!"

सगळे वळले. दारात लोर्ना उभी होती.

"सही केली मी, काका. त्याच संध्याकाळी. मावशी रडत वृद्धाश्रमात गेली. माझं घर तर पत्र्याचं, जमिनीवरचं. तरी रोज तीनला खणणं सुरू होतं. ठोके देऊन पाहिले. आता थांबत नाही."