न घासणारा टायर

लाइट येईपर्यंत ऐका. पियुष, तू टायर बदलायचा म्हणत होतास ना, तर तुझ्यासाठीच सांगतो. खोटं वाटलं तर घुग्घुसला जाऊन लटारूला विचार. माझा जुना दोस्त, खाणीच्या वर्कशॉपात फिटर आहे.

लटारू आणि त्याचा साडू प्रफुल, दोघांनी एकाच दसऱ्याला एकाच मॉडेलची गाडी घेतली. मागचा टायर वीस-बावीस हजार किलोमीटर चालला तरी खूप, त्यात घुग्घुसचे रस्ते. तीन वर्षांत लटारूचे दोन टायर गेले. पहिल्यानंतर स्वस्तातला टाकला, तो पावसात साबणासारखा घसरायचा. मग नक्षी पाहून, बनावटीचं साल पाहून महागातला घेतला. तोही टकला व्हायला लागला. आणि प्रफुलचा? अजून पहिलाच. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा शाबूत!

सासुरवाडीत जेवताना हाच विषय. गाडी वापरावी तर प्रफुलनं, असं सासरे म्हणत. घरी आल्यावर लटारूची बायको हर्षा तेच पुन्हा त्याच्या ताटात वाढायची. लटारू आतल्या आत जळायचा. प्रफुल मागं कोणाला बसवतच नसे, त्याची बायको रंजीता माहेरीसुद्धा एसटीनं यायची. टायरापायी बायकोला एसटीत धाडणारा चिंगूस, असं लटारू सगळ्यांना सांगत फिरायचा.

मागच्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेसाठी दोघं चामोर्शीला सासरी जमले. लटारूची दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, हर्षा तिथंच थांबणार होती. रात्री दोनला उठून त्यानं पाने काढले आणि दोन्ही गाड्यांची मागची चाकं अदलाबदल केली. फिटरच तो, आवाज होऊ देतो का? प्रफुलच्या खाटेकडे एकदा पाहिलं. तोंडावर पांघरूण होतं. निघाला.

मूल गावापर्यंत खुशीत होता. मूल सोडलं, जंगल लागलं.

आणि मागच्या टायरचा आवाज बंद झाला.

इंजिन सुरू. पुढचं चाक खड्ड्यात आदळायचं. मागचं... नाही.

मग श्वास ऐकू आला. पळणाऱ्या माणसाचा. पाठीशीच.

गाडी साठवर. श्वास तिथंच.

"कोण हाय?"

...

वाघ असता तर बरं, असं वाटलं त्याला. मागं पाहिलं नाही. आरशातही नाही.

घुग्घुसला पोचला तेव्हा उजाडायचं होतं. घराशी कोळशाच्या धुळीचं अंगण. गाडी उभी केली आणि फोन वाजला. प्रफुल.

"नेलं ना बे चाक? मी जागाच होतो."

"मंग बोलला काऊन नाई?"



"तुह्या मागं बाई बसते, पोरं बसते, म्हणून तुहा टायर घासते. तीन वर्षं ते पाहून जळून राह्यलो होतो, भाऊ. माह्या मागची जागा रिकामी नोयती ना..."

"कोण हाय तो?"

"मले नाई मालूम. मीबी गाडी नवी असतानाच कोणाचा तरी असाच न घासणारा टायर पाहून भुललो, चाक बदलून आणलं होतं. आज रंजीता माह्या मागं बसून येईन."

फोन कटला.

लटारूनं मोबाइलचा टॉर्च लावला. आधी टायर पाहिला. केस तसेच. मग अंगण.

फाटकापासून गाडीपर्यंत एकाच चाकाची रेघ होती. पुढच्या.

आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी, खोल रुतलेले... अनवाणी पाय.