इंजिनाच्या खिडकीवरचा धूर

पटलं तर पटलं. मी कुणाची समजूत घालायला बसलेली नाही. हे माझ्या हातांनी झालंय, आणि ते हात मी अजून धुतेय.

मागच्या हिवाळ्यातला मंगळवार. दुपारचे सव्वातीन. घराची मागची खोली, जिथे मी जुने कागद दुरुस्त करते. फाटलेलं सांधायचं, मळलेलं उजळायचं. या कामात नियम एकच: मूळ कागदावर आपली रेघ ओढायची नाही.

टेबलावर सासऱ्यांचं चित्र होतं. ते यंत्रांना रूप देणारे डिझायनर. वाफेच्या इंजिनाला त्यांनी नखशिखांत पत्र्याचं कवच चढवलं होतं, त्याचं हे पहिलं पेन्सिलचित्र. एका श्वासात ओढलेली लांब रेघ. वाऱ्याने वाऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवावा तसं ते इंजिन. धुराडं कवचात बुडालेलं, धूर मागे मोकळ्या केसांसारखा.

फक्त एक खोट. धुराड्यापासून ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंत काळा डाग.

सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. शुक्रवारी संग्रहालयाची माणसं चित्र न्यायला येणार होती.

"डाग काढ गं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "जन्मभर काळ्या बोटांनी जेवले. आता चारचौघांत जायचंय, तोंड तरी धुऊन जाऊ देत."

मी हसले. मऊ रबर टेकवत टेकवत डाग उचलला. खालून खिडकी निघाली. स्वच्छ. कोरी.

बुधवारी...

डाग परत आला होता.

खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या गळ्यात.

मी पुन्हा काढला. या वेळी कोळशाचा वास आला. आमच्या घरात कोळसा कुठला?

स्वयंपाकघरातला रेडिओ बोलता बोलता गप्प झाला. नळाची टपटप थांबली.

मग... फुस्स... फुस्स...

दमलेला जीव जिना चढतोय, तसं.

गुरुवारी डाग दुप्पट झाला होता. आणि त्याच्या मधोमध, बरोब्बर खिडकीवर, एक छोटा पांढरा गोल...

आतून कुणीतरी काच पुसावी तसा.

मी घाबरून चित्र उलटं केलं. पाठीवर सासऱ्यांचं अक्षर: 'धूर खाली बसतो. लंबूने सांगितलं होतं.'

"आई, हा लंबू कोण?"

सासूबाई खुर्चीत बसल्या.

"ड्रायव्हर. आपल्या दारातून वाकून आत यायचा. चाचणीच्या दोन फेऱ्या झाल्या नि आला. म्हणाला, साहेब, इंजिन नवरीसारखं देखणं आहे, पण धूर वर उडत नाही. माझ्या काचेवर बसतो, समोरचं दिसत नाही. धुराड्याच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे लावा, वारा धुराला वर उचलेल."

"मग?"

"हे म्हणाले, रेघ बिघडेल."

त्यांनी चष्मा काढला.

"आठव्या दिवशी लंबूला लाल सिग्नल दिसलाच नाही. तो गेला. तेव्हापासून हे रोज संध्याकाळी अंगठ्याने तो धूर खिडकीवर ओढायचे. मला मेलीला वाटायचं, पेन्सिलीचा चाळा."

म्हणजे मी मळ समजून जे पुसत होते, तो कबुलीजबाब होता.

"पण आता बाबा नाहीत," मी म्हणाले. "मग धूर ओढतं कोण?"

"ते मला नको विचारूस. तो अजून पत्रे मागतोय, एवढं कळतं. दोन रेघा ओढ त्याच्यासाठी. तुझा हात स्थिर आहे."

मी पेन्सिल उचलली. टोक कागदापासून केसभर वर...

कालपासून चाललेलं ते फुस्स थांबलं. सगळं घर कान देऊन उभं राहिलं.

"नाही जमणार, आई. मूळ चित्र आहे. बिघडेल."

बोलून गेले. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

लांब कुठेतरी शिट्टी वाजली...

आणि मध्येच तुटली.

शुक्रवारी चित्र धुरासकट गेलं. काचेच्या चौकटीत सीलबंद झालं.

महिन्याभराने तिथल्या रखवालदाराचा फोन आला. "ताई, काचेवर गोल उमटलाय. किती पुसला तरी जात नाही. आतल्या बाजूने आहे हो."

आता दर मंगळवारी मी तिथे जाते. गोल तळहाताएवढा झालाय. पिशवीत टोक काढलेली पेन्सिल असते.

चौकट उघडू द्या, असा अर्ज मी तीनदा केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: मूळ चित्र आहे, बिघडेल.

काल मी काचेला हात टेकवला...

गरम होती.