उंबऱ्यावरून मारलेली हाक

ओडेगार्डबाईंनी बर्फात घालायच्या बुटांचे दोन जोड आणले, तेव्हा यूआला त्यात काही वावगं वाटलं नाही. चर्चच्या या बाई निर्वासितांच्या घरी काही ना काही आणून टाकायच्याच. डबाबंद मासे, कुणाचे तरी जुने पडदे, एकदा तर वॅफल भाजायचं यंत्र. ते कशाचं हे कुणालाच कळेना, म्हणून यूआच्या नवऱ्याने, सेंगने, त्यावर भाताचं पातेलं ठेवून पाहिलं होतं.

एक जोड यूआच्या सहा वर्षांच्या लेकीच्या, पाकूच्या मापाचा होता. दुसरा चांगला मोठा.

"हा मोठीला," म्हणत बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्यावर कुणी नव्हतं.

यूआ हसली. या देशात न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ती हसायची. म्हातारीचा गोंधळ झाला असेल, असं म्हणून तिने मोठे बूट कोपऱ्यात सारले.

मग तिचं शाळेच्या बसकडे लक्ष गेलं. पाकू चढली तरी बसचं दार उघडंच राहायचं. चालक पायरीकडे बघत थांबायचा, 'चल, आटप' म्हणावं तशी मान हलवायचा आणि मगच दार मिटायचं. एक दिवस झालं, दुसऱ्या दिवशी झालं. यूआने खिडकीत उभं राहायचंच सोडून दिलं.

इकडे पाकू दिवसेंदिवस वाळत चालली. ताप हटेना, घास गिळेना. झोपायची तीही गादीच्या अगदी काठाला.

"अगं, मध्ये सरक की. पडशील!"

"जागा नाहीये," पाकू वैतागून म्हणाली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही सापडलं नाही. खोकल्याचं लाल औषध तेवढं दिलं. पोरीच्या मनगटाची हाडं वर आली होती. ही हातची जाते की काय, या भीतीने यूआ रात्री उठून तिचा श्वास चालतोय ना ते बघायची.

अखेर तिची थोरली जाऊ येर आली. तिने पाकूच्या कपाळाला हात लावला आणि एकच विचारलं, "थायलंडची छावणी सोडताना हाका नीट मारल्या होत्यास ना?"

त्यांच्या ह्मोंग जमातीतला माणूस जागा सोडतो तेव्हा घरातल्या एकेकाचं नाव घेऊन हाक मारतो. नाहीतर जीव मागे रेंगाळतो आणि शरीर तेवढं पुढे जातं. यूआने हाका मारल्या होत्या. बसचा भोंगा वाजत होता, सेंग ओरडत होता, आणि छावणीच्या फाटकात उभी राहून ती घाईघाईने म्हणाली होती, "सेंग, ब्लिया, पाकू, चला! इथे मागे राहू नका!"

ब्लिया त्यांची थोरली. सैनिकांपासून पळताना, मेकाँग नदी ओलांडायच्या आधी जंगलातच गेली. सेंग तेव्हा पुढे निघून नदीपलीकडे पोचला होता. ब्लिया कशी गेली ते यूआने कधी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. पण जिभेला वळण पडलेलं. थोरलीचं नाव आधी आलं.

"अगं बये! मेलेल्या पोरीला हाक मारलीस?"

"चुकून गेली, ताई."

"तुझं चुकलं असेल. तिला काय ठाऊक? आईने बोलावलं, ती आली. आता एकीच्या जिवावर दोघी जगतायत." येरने तिचा दंड धरला. "उंबऱ्यात उभी राहा. ब्लियाचं नाव घेऊन सांग, तू जा. मग पाकूचं नाव घेऊन आत बोलाव. नाव घेतल्याशिवाय एक शब्द बोलू नकोस."

रविवारी भर दुपारी त्यांनी दार सताड उघडलं. उन्हात बर्फ डोळ्यांना खुपत होतं. बाकड्यावर वाटीभर तांदूळ, त्यात उभं केलेलं कच्चं अंडं, उदबत्ती. पाकू आत कोचावर ब्लँकेटात पडून होती.

"पाकूची आई, लवकर उरक," सेंग पुटपुटला. "ऊब सगळी बाहेर चाललीय."

"ब्लिया," यूआने हाक मारली.

पायऱ्या रिकाम्या होत्या. पण वाऱ्याबरोबर ओल्या पाल्याचा वास आला, पाऊस पडून गेलेल्या जंगलाचा. त्या गल्लीत झाडाला एक पान नव्हतं.

आता फक्त 'जा' म्हणायचं होतं.

मागे येर खाकरली.

"पोरी," यूआ म्हणाली. तिला रडू आवरेना. "ये गं. आईकडे ये. बाहेर फार थंडी आहे."

आणि तिने दार लावून घेतलं.

अंडं उकडून सोललं. गुळगुळीत निघालं, कुठे खळगा नाही. "आला! जीव आला परत!" येर आनंदाने म्हणाली. जीव पुन्हा निसटू नये म्हणून मुलीच्या मनगटाला पांढरे दोरे बांधताना सेंगचे डोळे भरून आले. ताप उतरला होता. ती उठून बसली आणि तिने पोटभर भात खाल्ला.

जाऊ गेल्यावर यूआने औषधाचा चमचा भरला.

"ते नको."

"अगं, गोड आहे. तुला आवडतं ना?"

"कडू असतं ते. जंगलात तू दिलंस, तसं." मुलगी भिंतीला टेकली. मग अगदी हळू म्हणाली, "मी रडणार नाही, आई. सैनिक जाईपर्यंत मी आवाज करणार नाही."

पाकू छावणीत जन्मलेली. तिने सैनिक पाहिले नव्हते. जंगल पाहिलं नव्हतं.

पलीकडच्या खोलीत सेंग शीळ घालत होता.

"पाकू?" यूआने विचारलं.

मुलीने बंद दाराकडे पाहिलं. मग आपलाच तळवा आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला.