ठकी कुणावर धावत होती

मालनने सकाळी मांदेलीचा एक वाटा आणला, साफ केला, उकडून भातात कालवला आणि ठकीपुढे ठेवला. ठकीने आधी मालनच्या पायाला अंग घासलं, मग शेपटी उभी धरून ताटली चाटूनपुसून लख्ख केली. इथवर सगळं नेहमीसारखं. मग मालनने डबा भरला, पिशवी खांद्याला अडकवली आणि दार उघडलं. उघडलं मात्र, त्याच ठकीने झेप घेऊन तिच्या पोटरीत नखं रुतवली!

बरं, खेळता खेळता लागलं म्हणावं, तर तसंही नाही. कान मागे पडलेले, पाठीवरचे केस उभे, आणि घशातून येणारा आवाज तर मांजरीचा वाटेना. "अगं मेले, मी आहे! मी!" मालन ओरडली आणि तिने धाडकन दार लावून घेतलं. दार लागलं तशी मांजर शांत. जरा वेळाने तीच ठकी लाडात येऊन मालनच्या पोटरीवरचं रक्त चाटायला लागली.

आता ही ठकी म्हणजे घाटकोपरच्या डोंगरावरल्या भटवाडीतल्या त्या बैठ्या चाळीचं लाडावलेलं शेंडेफळ. पोरींनी तिला झबली घातली, टोपडी बांधली, काखोटीला मारून डोंगरभर फिरवली, तरी तिने कधी कुणाला नख म्हणून लावलं नव्हतं. मालनला मूल नव्हतं. जे काय लाड करायचे ते तिने ठकीचेच केले होते. आणि तीच ठकी आता रोज सकाळी तिच्यावर धावत होती. नळावर जाताना नाही, बाजारात जाताना नाही. खांद्याला डब्याची पिशवी लागली की मगच.

पिशवी कामाची होती. शेजारच्या खोलीतल्या उत्तराने सुपरवायझरच्या मागे लागून मालनला साकीनाक्याच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लावून घेतलं होतं. पण ते नावालाच. मालन अजून कारखान्याच्या गेटापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. सोमवारी आली तर आली, नाहीतर दुसरी तयार आहे, असा सुपरवायझरचा निरोप होता. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. हे काम गेलं की खोली सोडून गावी दिराच्या ओसरीवर जाऊन पडायचं, एवढंच तिच्या नशिबी उरलं होतं.

पायाला पट्टी बांधून जाता आलं असतं की! पण मालन नखांना भ्यायली नव्हती. ती भ्यायली होती काशीरामला.

काशीराम म्हणजे तिचा नवरा. संपात गिरणी गेली तेव्हापासून घरीच बसला होता, आणि गेल्या श्रावणात काविळीने गेला. माणूस मायाळू, सगळी चाळ सांगेल. पण मालनने "मी जाऊ का कुठे कामाला?" एवढं विचारलं, की त्याचा हात सुटायचा. गिरणीवाल्यांपुढे त्याचं काही चाललं नाही, पुढाऱ्यांपुढे चाललं नाही, ते सगळं हिच्या पाठीवर निघायचं. आणि संध्याकाळी तोच माणूस अबोलीचा गजरा घेऊन यायचा, तिच्या सुजलेल्या गालावरून हात फिरवत पोरासारखा रडायचा.

तेराव्याला पत्र्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं त्याच्या आवडीचं. कावळे आजूबाजूला बसून राहिले, एकही शिवेना. दिराने हात जोडले, भाच्यांनी जोडले. शेवटी थोरली नणंद मंजुळाक्का मालनच्या कानाशी लागली, "सांग गो त्याका. कामाक जावचंय नाय म्हणान सांग. त्याचो जीव थयंच अडाकलो हा."

सगळे मालनच्या तोंडाकडे बघत राहिले. मालनने ओठ घट्ट मिटले ते मिटलेच. तेवढ्यात ठकी पत्र्यावर चढली आणि पानातला वडा उचलून पसार झाली.

झालं! आता मांजर धावायला लागल्यावर मंजुळाक्काला आयतंच कारण मिळालं. "वडो कोणी खाल्ल्यान? मग तिच्यात आता कोण बसलो हा?" ती पदर तोंडावर घेऊन कुजबुजली. "सोमवारी माझ्या घोवाक धाडतंय. पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतलो. नायतर तू तरी कामाचो नाद सोड."

वाईट हे, की मालनलाही ते पटलं होतं. आधी ओरबाडायचं आणि मग येऊन चाटायचं, ही रीत तिला नवी नव्हती. रात्री ठकी उशाशी येऊन घुरघुरायला लागली की तिच्या अंगावर काटा यायचा. आणि तरी मांजरीला ढकलवत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी उत्तरा तिच्या पायाला लावायला हळद घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं आणि फणकारली, "डोकं फिरलंय का तुझं? खारदांड्याला माझ्या मावशीकडे ढीगभर मांजरी. एक अशीच खिडकीत बसली होती. बाहेर परका बोका आला. हिला काचेतून त्याच्यापर्यंत पोचता येईना, तर हिने वळून मावशीचाच हात फोडला. बोका राहिला बाहेर, आणि चावा मावशीला! राग ज्याच्यावर, तो हाताला लागला नाही ना, की जवळ असेल त्याच्यावर काढतात."

"माणसांचंही तसंच असतं," मालन म्हणाली.

उत्तराने तिच्या पोटरीला हळद लावली. मग तिने विचारलं, "तुझ्या दारात बोका येतो का गं?"

"नाही."

"मग उद्या नीट बघ. ती तुझ्याकडे बघून धावते, की..."

बोलणं अर्धवट टाकून ती उठली. हळदीची वाटी तिथेच ठेवून घाईघाईने आपल्या खोलीत गेली.

सोमवारी मालनने डबा भरला, पिशवी खांद्याला लावली, दार सताड उघडलं, आणि या वेळी ती दारात उभी न राहता बाजूला, मोरीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरच्या खोलीतल्या बाईने कपडे वाळत घातले होते, कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. दारात कोणीही नव्हतं.

मग वास आला. तंबाखू, चुना, आणि गिरणीत वर्षानुवर्षं घातलेल्या कपड्यांना येतो तो तेलकट, कोंदट वास. काशीरामच्या कपड्यांची बोचकी तिने श्रावणातच घराबाहेर काढली होती.

ठकी जमिनीला पोट लावून बसली. मालनकडे तिचं लक्षही नव्हतं. ती दाराकडे बघत होती, उंच, माणसाचं तोंड असतं तिथे. शेपूट आपटत होती. आणि मग तिने झेप घेतली.

खाली पडायला हवी होती ती. पडली नाही. रिकाम्या दारात, छातीच्या उंचीवर, नखं रुतवून ती लटकून राहिली... मग कुणीतरी झटकावी तशी भिरकावली गेली आणि मालनच्या पायाशी येऊन आपटली. उठली आणि पुन्हा दात विचकून उभी राहिली.

मालन भ्यायलीच. पण त्याहून जास्त तिला रडू आलं ते या एवढ्याशा जिवाचं. हा जीव इतके दिवस तिच्यासाठी कुणाशी झुंजत होता, आणि ती त्याला पोत्यात घालायला निघाली होती! तिने ठकीला उचलून छातीशी धरलं. आणि मग तिला राग आला. असा राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता.

"काशीराम," ती म्हणाली.

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता निघालं ते खणखणीत निघालं.

"काशीराम, जिवंत होतास तोवर अहो-जाहो केलं. आता बास झालं. मेलास ना तू? मग मेलेल्यासारखा राहा! तुला ज्यांनी देशोधडीला लावलं त्यांच्या दारात जाऊन उभा राहा की. तिथे नाही जाणार तू. तुला हेच दार सापडतं... मी कामाला जाणार. आजही जाणार, उद्याही जाणार. काय करायचं ते कर."

वास आणखी दाट झाला. मालनने मान खाली घातली, खांदा पुढे केला आणि सरळ दारात घुसली. तिथे काहीतरी होतं. गार, जड, हटून बसलेलं. तिने जीव खाऊन रेटा दिला तसं ते तिच्या अंगाला घासत बाजूला झालं आणि ती एकदम उन्हात आली. मागे न बघता तिने दार ओढलं, कुलूप घातलं, आणि ठकीला शेजारच्या दारात बसलेल्या उत्तराच्या सासूच्या मांडीवर टाकलं.

गल्लीच्या तोंडाशी मंजुळाक्काचा नवरा पोतं घेऊन येताना दिसला.

"परत न्या ते, भाऊजी," मालन चालता चालता म्हणाली. "कांदेबटाटे भरायला होईल."

दिवसभर तिने उभं राहून खोकी भरली. पाय सुजले, बोटं सोलली, तरी एकदाही बसावंसं वाटलं नाही. संध्याकाळी ती आणि उत्तरा चाळीत शिरल्या तर बायका मालनच्या खोलीसमोर घोळक्याने उभ्या होत्या. दारापासून लांबच.

"मालन," उत्तराची सासू हलक्या आवाजात म्हणाली, "घरात कुणाला ठेवून गेली होतीस गं?"

"कुणाला नाही."

"मग दुपारभर आतून दार कोण ठोकत होतं...?"

कुलूप जागच्या जागी होतं. मालनच्या लक्षात आलं. सकाळी तिने रेटलं तेव्हा ते बाहेर नव्हतं सरकलं. आत सरकलं होतं. "आज माझ्याकडेच झोप," उत्तरा तिचा हात धरून म्हणाली.

"आणि उद्या?" मालनने विचारलं.

तिने हात सोडवला, कुलूप काढलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. पुन्हा ढकललं. आतून कडी लागलेली होती. मागे एक बाई रामराम म्हणायला लागली, पोरांना ओढत दोघीतिघी आपापल्या घरात पळाल्या.

"कडी काढ," मालन म्हणाली.

कडी जागची हलली नाही. ठकी उत्तराच्या सासूच्या कडेवरून खाली उतरली आणि मालनच्या पायाशी येऊन उभी राहिली.

"काशीराम, मी दमून आलेय. घर माझं आहे. कडी काढ."

मग आतून लोखंड सरकल्याचा आवाज आला, सावकाश, कुरकुरत, आणि दार वीतभर आपोआप उघडलं. आत मिट्ट काळोख होता. मालनने पदर खोचला, ठकीला काखेत घेतलं आणि आत पाऊल टाकलं. दार लागता लागता तिचा आवाज सगळ्या चाळीने ऐकला.

"सरक बाजूला. मला चूल पेटवायचीय."