अंगठ्याची दोरी

हरभऱ्यात डुकरं घुसतात, म्हणून इंझोरीच्या शिवारात ऐन थंडीतही जागल चुकत नाही. त्या रात्री शेकोटीपाशी म्हातारा बापूराव होता आणि त्याचे दोन पुतणे, प्रज्वल अन् हरीओम. प्रज्वलच्या घरी तान्हं लेकरू. तो सहज बोलून गेला, "बायको रोज म्हंते, थकली थकली. करते काय? घरी बसून लेकरू त सांभाळते!"

हरीओम हसला. बापूराव हसला नाही. त्याने विडी विस्तवात टाकली.

"असं बोलू नको लेका. गोपाल असाच बोलला होता. माह्या वळखीचा होता म्हून सांगतो. मागच्या पौषातली गोष्ट हाये, भोगीच्या आदल्या रातची."

त्या दिवशी दुपारी गोपालच्या बायकोला, सुचिताला, कळा सुरू झाल्या. गोपालची आई तिला गाडीत घालून कारंज्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. मागे राहिली दीड वर्षाची वैष्णवी. गोपालने तिला कडेवर घेतलं आणि शेजारच्या हिरीबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

हिरीबाई म्हणजे त्या गल्लीतल्या लेकरांचा आसरा. निंदायला जायचं आहे? लेकरू हिरीबाईकडे. बाजार, दवाखाना, मयत, लग्न? हिरीबाईकडे. बदल्यात कोणी भाकर देई, कोणी ओंजळभर डाळ, बाकीचे विसरून जात. अर्धी गल्ली तिच्या मांडीवर मोठी झाली, पण ही बाई काम करते असं एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. फुकट मिळालेल्या सावलीला कोण पाणी घालतं?

आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी. झोळीला त्याच लुगड्याच्या हिरव्या काठाची दोरी, आणि दोरीचं टोक हिरीबाईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला. हात तुरीच्या शेंगा सोलत, पाय झोका देई. बाई डावखुरी. तिची गाठ उलटी बसायची, भल्याभल्यांना सुटायची नाही.

तिचा एकच कायदा होता. ज्याच्या हातून घेतलं, त्याच्याच हातात द्यायचं. पूर्वी एकदा एका लेकराचा काका पिऊन आला, लेकरू घेऊन गेला आणि नाल्यात पाडलं. तेव्हापासून ती सख्ख्या आज्यालाही लेकरू देत नसे.

"कवा येशीन?" तिने वैष्णवीला घेत विचारलं.

"येतो रातच्याले. तुले काय कष्ट हायेत माय? बसल्या बसल्या आंगठा हालवाचा."

"एक रात तुह्या आंगठ्याले बांधून पाह्य. मंग बोल."

गोपाल हसत गाडीवर बसला. मागून तिचा आवाज आला, "तूच येजो! दुसऱ्याले धाडू नको, म्या देणार नाही!"

रात्री दवाखान्याच्या पायरीवर त्याला काकाचा, शालिग्रामचा, फोन आला.

"गोपाल, हिरीमाय गेली."

"कुठं गेली?"

"वारली, बाप्पा. दिवे लागाच्या टायमाले. भिंतीले टेकून बसेल होती. झोळी हालून राह्यली होती, म्हून कोणाले समजलंच नाही."

"आन् वैष्णवी?"

काका तिकडे कोणाला तरी म्हणाला, "हात नका लावू तिले."

"काका... माही पोरगी?"

"झोळीतच हाये. तू लवकर ये."

"काढली काहून नाही?"

"तू ये," एवढंच काका म्हणाला.

आई म्हणाली, जा, इथे मी आहे. गोपाल निघाला. रस्ता मोकळा, धुक्याने ओला. वाटेत त्याला काही दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. काही दिसलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

हिरीबाईचं अंगण माणसांनी भरलं होतं. घरात मात्र कोणीच नव्हतं. मेल्या माणसाजवळ बसायचं सोडून बाया थंडीत बाहेर बसल्या होत्या, तोंडात पदर धरून.

शेजारची पंचफुला पुढे आली. "आमी तिचे दोनी आंगठे बांधाले गेलो, रीत हाये म्हून. झोळीची दोरी सुटेना. काकानं विळ्यानं कापली."

"मंग?"

"मंग... झोळी थांबलीच नाही."

शालिग्रामकाकाच्या हातात अजून विळा होता. "लेकराले हात लावला का झोळी आवळते, गोपाल. पोरगी आत दबते. हात काढला का सैल होते. तीनदा केलं. आता त हात न लावताच आवळून राह्यली. मघापासून पोरीचा आवाजबी नाही."

गोपाल आत गेला.

उशाशी दिवा. भुईवर हिरीबाई, अंगावर चादर. पाय उघडे. उजव्या अंगठ्याला हिरवी गाठ, पुढे कापलेला तुकडा.

वर झोळी हलत होती.

झोळीकडची दोरी खाली लोंबत नव्हती. ती ताठ होती. अधांतरी. ताणली जायची... सैल व्हायची... पुन्हा ताणली जायची. आणि दर झोक्याला लुगडं थोडं आणखी आवळत होतं.

"माय..."

झोका थांबला नाही.

"माय, मी गोपाल."

दोरी ताणली गेली. तशीच राहिली.

"म्या ठेवली होती... म्याच आलो. दुसऱ्याले नाही धाडलं."

दिव्याची वात चरचरली.

"दे माय... माही मले दे."

दोरी खाली पडली. अलगद.

त्याने झोळीत हात घातला. लुगडं सैल होतं. पोरगी गरम होती. श्वास चालू होता. त्याने तिला उरी धरलं आणि पाठमोरा न होता बाहेर आला. त्या पायांकडे त्याने पाहिलं नाही.

घरी आल्यावर त्याने आतून कडी घातली. येणाऱ्या बाळासाठी आईने नवी झोळी बांधून ठेवली होती. तिच्यात वैष्णवीला निजवलं. दोरी अजून लावलेली नव्हती. तो भिंतीला टेकून बसला. झोपायचं नाही असं ठरवून बसला होता, पण डोळा लागला...

बापूराव थांबला. शेकोटीतलं लाकूड सरकलं. दूर कुठेतरी रोही ओरडला.

"मंग?" प्रज्वलने हळूच विचारलं.

"मंग कोंबडा आरवला. गोपालले जाग आली. कडी जशीच्या तशी. पोरगी झोपेल. झोळी हालून राह्यली होती, धीमी धीमी. त्याले वाटलं, वारा असंल. पण दार-खिडकी बंद. आन् त्याचा उजवा पाय... आपोआप मागंपुढं होऊन राह्यला होता."

प्रज्वलने पांघरुणात पाय ओढून घेतले.

"त्यानं वाकून पाह्यलं. आंगठ्याले दोरी होती. हिरव्या काठाची. मधात विळ्यानं कापेल जागा. तिथं गाठ मारून जोडेल."

म्हाताऱ्याने विस्तवात एक काटकी सारली.

"दोनी गाठी उलट्या होत्या, लेका. डाव्या हाताच्या."